शिरपातात्यांनी न चाखलेली भिंत

शिरपातात्या भिंत चाटायचे. आधी पंच्याच्या टोकानं धूळ पुसायची, मग डोळे मिटून जिभेचं टोक टेकवायचं आणि बाजूला थुंकून निदान सांगायचं, "खारट हाय. मिठाचा लोणा चढलाय."

इंग्रजांच्या काळातला इंदापुरातला दवाखाना नव्या इमारतीत गेला आणि जुनी दगडी इमारत आमच्या वाचनालयाला मिळाली. नव्वद सालाच्या पुढची ही गोष्ट. मी तिथली ग्रंथपाल. बारामतीत पदवी घेतलेली, तिशीतली. खांद्याला पर्स आणि अक्कल बहुधा पर्समध्येच. डागडुजीला कन्हेरीचे हे म्हातारे गवंडी आले. पहिल्याच दिवशी त्यांना भिंत चाटताना पाहून मी अध्यक्षांना विचारलं, "हे गवंडी आहेत, की दवाखाना हलवताना एक पेशंट मागं राहिलाय?"

तात्यांना सिमेंटचं नाव चालायचं नाही. "बाई, उसाला पाणी सोडून सोडून जमीन खारावली. तेच पाणी दगडातनं वर चढतंय. भिंतीला श्वास घ्यायला जागा नको व्हय?" अंगणात खड्डा काढून त्यांनी चुना मुरत घातला. चुना कालवताना त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी पडायचं.

"भिंतीला मुंग्या लागतील की," मी शहाणपणा केला.

"लागू द्या. त्यास्नी बी वाचायला शिकवा."

चुना निवांत मुरत होता आणि मला उद्‌घाटनाची घाई. तात्या चार दिवस गावी गेले, तेवढ्यात मी दुसरा गवंडी बोलावून ऑफिसची भिंत सिमेंटनं गुळगुळीत करून घेतली. वर पोपटी ऑइलपेंट. पावसाळ्यात ती पुरीसारखी फुगली. तात्यांनी तिला जीभसुद्धा लावली नाही. "तापात रेनकोट घालून झोपवली तुमी हिला," एवढंच म्हणाले.

दुपारी आसपास कुणी नाही असं बघून मी स्वतः ती भिंत चाखली. खरंच खारट होती. वळले तर मागं तात्या.

"आधी पुसून घेत जावा," त्यांनी शांतपणे पंचा पुढं केला.

त्या दिवसापासून मी त्यांची शिष्या. नवा बाटलेला जसा जास्त कडक, तशी. वाचनालयात येईल त्याला चुन्याचे गुण सांगायचे. नवरा म्हणायचा, "पानात चुना लाव म्हटलं तर व्याख्यान देते."

सगळ्या भिंती झाल्या, पण बायकांच्या वॉर्डात खिडकीपाशी तात्यांनी हातभर जागा तशीच सोडली. जुना गिलावा, त्यावर ओरखडे. मी चारदा आठवण करून दिली. दरवेळी "बघू" म्हणाले. म्हातारपणी विसरत असतील, म्हणून उद्‌घाटनाच्या आदल्या सकाळी मीच घमेल्यात त्यांचा चुना घेतला, थापी घेतली आणि पदर खोचला.

तात्या खिडकीपाशी उकिडवे बसले होते. ओरखड्यांवर तळहात ठेवून.

"बाई, ही ऱ्हाऊ द्या."

"उद्या पाहुणे येणार तात्या. हे काय दिसतं?"

"रेघा हायत्या त्या. आमची कारभारीण, कमळा, सव्वा म्हैना हितं व्हती. बांगडीच्या तुकड्यानं रोज एक वढायची. शेजारच्या खाटंवरली बाई सांगत व्हती."

"आणि तुम्ही?"

"मी धरणाच्या कामावर. दर ऐतवारी येतो म्हणून सांगितलं व्हतं. एकदाच आलो. तवा खाट झाडत व्हते."

मी घमेलं खाली ठेवलं. आणि कामाचंच विचारलं. तेव्हा तेवढंच यायचं मला. "इथं लोणा आहे का, चाखून बघितलंत?"

"न्हाय." त्यांनी हात काढला नाही. "हितली चव ठाव हाय मला."

घमेल्यातला चुना मी मागच्या पायरीला थापला. अजून दिसतो, वेडावाकडा. नाती विचारतात, हे कुणी केलं, आणि मी आकाशाकडं बघते. खिडकीपाशी कपाट ठेवायचं होतं, तिथं खुर्ची ठेवली. तात्या दर रविवारी कन्हेरीहून एसटीनं यायचे आणि त्या खुर्चीत बसायचे. वाचता येत नव्हतं, तरी पेपर उघडून.

पुढं मी पुष्कळ भिंती चाखल्या. ती मात्र नाही.