चिंचबन स्टेशनला थांबा मिळतो

एका जंगलात, बाळांनो, रेल्वे होती. कशी आली ते विचारू नका. मधे मधे विचारलंत तर मी गोष्टच सांगणार नाही.

तिथलं चिंचबन स्टेशन फार जुनं. दगडी कमान, कौलारू छप्पर आणि रोजची एक पॅसेंजर. स्टेशनमास्तर होते बगळेसाहेब. पांढरा गणवेश जन्मापासून अंगावर आणि दिवसभर एका पायावर उभं राहायची सवय. सरकारला अजून काय हवं असतं?

द्वारकाबाई सायाळीची लेक मंजुळा पलीकडच्या रानात दिलेली. तिचे दिवस भरत आले होते. बाईंनी डिंकाचे लाडू बांधले आणि गाठोडं घेऊन फलाटावर येऊन बसल्या.

नेमकं त्याच सकाळी दरबाराने स्टेशन ऐतिहासिक ठरवलं. कमानीला हार घातला, भाषणं झाली. मग हुकूम निघाला, की गाडी थांबली की कमान हादरते, सबब गाडीने थांबू नये. पॅसेंजर धडधडत निघून गेली. कमान जास्तच हादरली, पण त्याबद्दल हुकुमात काही नव्हतं.

जनावरं खवळली. दरबारापुढे बसून 'थांबा द्या, थांबा द्या' म्हणून त्यांनी घसे कोरडे केले. दरबार मोठा दयाळू. त्याने थांबा मंजूर केला. भली मोठी पिवळी पाटी आली, तिच्यावर एकच शब्द: 'थांबा'. बगळेसाहेबांनी ती प्रवाशांकडे तोंड करून लावली.

द्वारकाबाई रडकुंडीला आल्या. "अहो मास्तर, थांबा गाडीला मागितला होता."

"गाडीला वाचता येत नाही, बाई. तुम्हाला येतं. थांबा."

बाई थांबल्या. मंजुळा बाळंत झाली, बारसं उरकलं, लाडवांना बुरशी आली. बाई फलाटावरच म्हाताऱ्या झाल्या. मग दरबाराने त्यांच्याभोवती दोरी बांधली आणि 'ऐतिहासिक प्रवासी' अशी पाटी लावली. लांबलांबून सहली येऊ लागल्या. अर्थात बसने.

एका सहलीत एक छोटी सायाळ होती. नाक हुबेहूब मंजुळेचं.

"आजी?" म्हणत ती दोरीखालून घुसली. सायाळीला मिठी मारायला कोण धावतं सांगा? बाईंनी दोन्ही हात पसरले.

बगळेसाहेबांनी नोकरीत पहिल्यांदाच दुसरा पाय टेकवला आणि मधे आले.

"वारशाला हात लावायचा नाही."

तात्पर्य: मुलांनो, जो थांबतो त्याला फळ मिळतंच. फक्त त्याला हात लावायचा नसतो.