जोयड्याचे घोड्यांचे सर्जन

अश्वशल्यचिकित्सा हे निष्ठेचं शास्त्र आहे, आणि सबंध जिल्ह्यात ते जाणणारा एकच माणूस होता: आमचे शेजारी डॉक्टर हळदणकर. घोड्याचं पोट उघडायचं, आतड्याचा पीळ सोडवायचा आणि घोडा पुन्हा चार पायांवर उभा करायचा, एवढ्यासाठी त्यांनी मोठ्या शहरात वेगळं शिक्षण घेतलं होतं. सरकारनं त्यांना जोयड्याला पाठवलं. तालुक्यात घोडा नव्हता.

म्हशी होत्या. डॉक्टर त्यांना औषध देत, पण मन लावून नव्हे. "घोडा असता तर आता पोट उघडलं असतं," असं म्हणत ते म्हशीच्या खुराला मलम लावत. दर शनिवारी हत्यारं उकळून पडवीत मांडत. बेशुद्ध घोडा निजवायला त्यांनी भाताच्या पिंजराची, म्हणजे पेंढ्याची, अजस्र गादी शिवून घेतली होती. लग्नसराईत पाहुण्यांसाठी आम्ही ती मागून न्यायचो. देताना ते बजावत, "लवकर आणा. पेशंट केव्हाही येईल."

पेशंट नव्वद सालाच्या आसपास आला, उळवीच्या जत्रेच्या दिवसांत. खानापूरकडचा शिवाप्पा त्या वर्षी जत्रेच्या बैलगाड्यांबरोबर आपली घोडीही घेऊन निघाला होता. मुक्कामात तिनं भाताच्या पोत्यात तोंड घातलं आणि सकाळी गडाबडा लोळायला लागली. गाडीवाल्यांनी फुगलेल्या बैलाला करतात तेच केलं: ढेकर यावी म्हणून तिच्या तोंडात आडवी काठी बांधली आणि तशीच दवाखान्यात आणली.

डॉक्टरांनी आधी काठी सोडली. "घोडा ढेकर देत नाही, बाबा. देत असता तर मी इतकं शिकलो कशाला असतो?"

"पोरीगत वाढिवलीया, सायेब," शिवाप्पा म्हणाला. "हिला हितं ठेवून मी घरात कसा शिरू?"

गादी अंथरली गेली. हत्यारं उकळली. निम्मं गाव कुंपणावर चढलं. डॉक्टरांनी घोडीच्या हिरड्या बघितल्या, कुशीला कान लावला आणि बराच वेळ तसेच राहिले.

"कापायचं नाही," ते म्हणाले. "पीळ नाही. आतडं बोलतंय."

"काय हो डाक्टर," कुंपणावरून कुणीतरी म्हणालं, "इतकी वर्सं धार लावताय, आन् आता न्हाई म्हंताय व्हय?"

मीही हळूच म्हणालो, "पुन्हा घोडा येणार नाही, डॉक्टर."

"तिचं पोट दुखतंय म्हणून ती आलीय, मास्तर. माझ्यासाठी नाही आली."

त्यांनी नाकातून नळी घालून तिचं पोट हलकं केलं, तेल सोडलं आणि तिला सुप्याच्या रस्त्यावर चालवायला घेतलं. ती बसायला गेली की उठवायची, पुन्हा चालवायची. शिवाप्पानं दोरी मागितली. दिली नाही. मी चहा नेला. प्यायले नाहीत. ऊन डोक्यावर आलं, कललं, तरी हे आपले चालतच होते.

चहाचा पेला घेऊन मी मागोमाग होतो, म्हणून ऐकू आलं. डॉक्टर घोडीशी बोलत होते. स्वैपाकघर गळतं, पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी येते, बायको गेल्यापासून एकट्यासाठी भात शिजवायचा कंटाळा येतो. "इथं बोलायला कुणी नाही गं, बाई," ते म्हणाले.

मी अकरा पावलांवर राहत होतो.

मी तो गार चहा रस्त्याकडेला ओतला आणि दोरीच्या दुसऱ्या बाजूनं चालायला लागलो. दिवस मावळायच्या सुमाराला घोडी थांबली. आम्ही तिघंही श्वास रोखून उभे राहिलो. तिनं शेपूट उचललं.

शिवाप्पानं हात जोडले. डॉक्टर खाली वाकले, निरखून पाहिलं आणि डोळे पुसत म्हणाले, "उत्तम."

ती लीद दुसऱ्या दिवशी कुणीतरी वांग्यांना घातली.