दोन्ही बाजूंनी उभा राहिलेला पाहुणा

अमेरिकेत राहण्याजोगं आदर्श गाव कोणतं, हे अख्ख्या अमेरिकेत एकाच माणसाला कळलंय आणि तो माणूस म्हणजे आपण, याबद्दल लायल हॅनिगनला तिळमात्र शंका नव्हती!

हयातभर त्याने फिनिक्समध्ये लोकांच्या पोहण्याच्या तलावांना पंप बसवले. हात पंपावर आणि तोंड गावांवर! "गाव कसं हवं सांगू? टुमदार! मधोमध हिरवळ, हिरवळीवर पांढरं चर्च, सिग्नल एकसुद्धा नाही, आणि शेजारी असे की तुमचं नाव विचारायच्या आधी दारात केक आणून ठेवतील!" गिऱ्हाईक बिचारं पंप सुरू व्हायची वाट बघत उन्हात उभं. दाताच्या डॉक्टरकडे तोंडात नळी असतानाही लायलने ओरेगॉनमधलं एक गाव सविस्तर समजावून सांगितलं होतं. मग तो निवृत्त झाला, गिऱ्हाइकं संपली, आणि हा सगळा भार एकट्या नोरीनच्या, म्हणजे बायकोच्या, कानांवर आला. सकाळच्या कॉफीबरोबर मोंटानातलं गाव, दुपारच्या सँडविचबरोबर मेनमधलं, आणि रात्री उशीला डोकं टेकतंय न टेकतंय तोच व्हर्मॉंटमधलं!

एके सकाळी नोरीनने कप खाली ठेवला.

"लायल, एक गाव. एकदाच. मी येऊन बघते. आवडलं तर तिथे राहायला जाऊ. नाही आवडलं, तर या घरात पुन्हा गावाचं नाव काढायचं नाही. कबूल?"

"कबूल!" लायल तोऱ्यात म्हणाला. म्हणून झालं आणि मग त्याचं धाबं दणाणलं. एकच गाव! इतक्या वर्षांचं स्वप्न, आणि परीक्षा एकाच दिवसाची! शिवाय नोरीनने एकदा नाही म्हटलं की ती दगडावरची रेघ, हे त्याला लग्नाच्या आधीपासून माहीत होतं.

त्याने व्हर्मॉंटमधलं टॅल्कट हॉलो निवडलं. फोटोत काय नव्हतं? लालभडक मेपलची झाडं, पांढरं चर्च, ओढ्यावर छपराचा लाकडी पूल. विल्मा कॉब नावाच्या म्हातारीचं एक घरही तिथे विकायला होतं. विल्माबाई फोनवर म्हणाल्या, "बघायचं तर मंगळवारी या. शनिवारी दुसरं कोणीतरी येतंय." लायलने तत्काळ विमानाची तिकिटं काढली.

फोटो ऑक्टोबरातला होता आणि मंगळवार मार्चमधला. पण फिनिक्सच्या माणसाला ऋतू माहीत दोनच, गरम आणि फार गरम! व्हर्मॉंटात बर्फ वितळतो तेव्हा रस्ते कुठे जातात, याची त्याला काय कल्पना?

त्या दिवशी रस्ते खाली गेले होते. विल्माबाईंच्या घराकडे जाणाऱ्या खाणीच्या रस्त्यावर लायलने भाड्याची गाडी वळवली मात्र, चारी चाकं चिखलात बुडाली. झाडांवर पान नाही, आकाश राखेच्या रंगाचं. नोरीन खाली उतरली आणि तिचे पांढरे कॅनव्हासचे बूट घोट्यापर्यंत आत गेले. एक पाय बाहेर आला. बूट आला नाही.

लायल तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. चेहऱ्यावर काही नव्हतं, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली.

"अस्सल माती आहे गं!" तो म्हणाला. "फिनिक्समध्ये शोधून सापडणार नाही!"

"बूट शोध," नोरीन म्हणाली.

तेवढ्यात ट्रॅक्टर आला. वर एक हाडकुळा शेतकरी, एव्हरेट स्टाइल्स. त्याने खाली बघितलं, साखळी काढली, गाडीला अडकवली.

"कुठून?"

"फिनिक्स!"

"दिसतंय." त्याने गाडी ओढून पक्क्या रस्त्यावर आणली. "विल्माकडे आलात? घरी नाही ती. आज गावसभा. तुम्हाला सांगायला विसरली असेल. सगळे तिकडेच."

लायलचा जीव भांड्यात पडला. गावसभा! अख्खं गाव एका छपराखाली! चिखल गेला खड्ड्यात, माणसं दाखवू नोरीनला! वाटेतल्या पेट्रोल पंपावरच्या दुकानात त्याने तिला हिरवे रबरी बूट घेऊन दिले आणि स्वतः मोठ्या चौकड्यांचा जाड शर्ट चढवला. हा शर्ट त्याने गावकऱ्यांत मिसळून जाता यावं म्हणून मुद्दाम आणला होता. घडीच्या रेघा मात्र मोडायच्या राहिल्या होत्या.

सभागृहात शिरताच उजव्या हाताला भिंतीशी थोड्या खुर्च्या मांडल्या होत्या. वर पाटी, 'मतदार नसलेल्यांसाठी'.

"लायल, आपली जागा ती," नोरीन म्हणाली.

"छे! ती परक्यांसाठी! लोकांत बसावं, लोक कळतात!" असं म्हणून त्याने तिला ओढत नेऊन हॉलच्या मधोमध बसवलं. नोरीनच्या शेजारी एक म्हातारी लोकरीचा मोजा विणत होती. तिने हिरव्या बुटांकडे पाहिलं.

"खाणीचा रस्ता?"

"एक बूट अजून तिथेच आहे," नोरीन म्हणाली.

"माझे तीन जोड आहेत तिथे," म्हातारी म्हणाली, आणि दोघी हसल्या. लायलला जरा धीर आला.

पण तो टिकला नाही. व्यासपीठावरचे सभापती बर्ट्रम पीझ यांनी हातोडा आपटला आणि विषय पुकारला, खाणीचा रस्ता डांबरी करावा की नाही. बस्स! जो तो उठायला लागला. एक म्हणाला, दर वसंतात माझी बायको माहेरी गेल्यासारखी अडकून पडते. दुसरा म्हणाला, मग तक्रार कसली? एव्हरेट उठला आणि म्हणाला, "डांबर टाका, की बॉस्टनचे शहरवाले घरं घ्यायला आलेच. आज चिखल आहे म्हणून गाव आपलं आहे." अर्ध्या हॉलने टाळ्या वाजवल्या. उरलेला अर्धा हॉल "बस खाली!" म्हणाला. एकाने तर दुसऱ्याच्या आजोबांची गाय काढली. ती म्हणे याच रस्त्यात रुतली होती.

लायलला घाम फुटला. आदर्श गाव नोरीनच्या डोळ्यांदेखत भांडत होतं! तो एकदा नोरीनकडे बघे, एकदा व्यासपीठाकडे. देवा, मिटवा लवकर!

"मत घेऊ," सभापती म्हणाले. "डांबर हवं असेल त्यांनी 'हो' म्हणा."

लायलला बुडालेला बूट आठवला. रस्ता होणार, हे नोरीनला कळायला नको? "होऽऽ!" तो ओरडला.

"नको असेल त्यांनी 'नाही' म्हणा."

एव्हरेटने मागे वळून त्याच्याचकडे पाहिलं. ज्याने तासाभरापूर्वी गाडी ओढून काढली, उद्याचा शेजारी! त्याला दुखवायचं? "नाऽऽही!" लायल आणखी जोरात ओरडला.

नोरीनने सावकाश मान वळवली. "हे काय केलंस?"

"दोन्ही बाजूंना सांभाळून घेतलं," लायल कुजबुजला.

"आवाजावरून काही कळत नाही," सभापती म्हणाले. "उभं राहून मोजू." हो म्हणणारे उभे राहिले. आता मागे कसं हटायचं? लायल उभा राहिला. मोजणी झाली. नाही म्हणणारे उभे राहिले, एव्हरेटने पुन्हा मागे बघितलं, आणि लायलचे गुडघे आपोआप सरळ झाले. नोरीन मात्र दोन्ही वेळा जागची हलली नाही.

सभापतींनी बेरीज केली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा केली.

"मंडळी, दारात जेवढ्या मतदारांची नोंद झाली त्यापेक्षा दोन मतं जास्त निघताहेत."

दार किती लांब आहे, हे लायलने डोळ्यांनीच मोजलं. नवा शर्ट पाठीला चिकटला.

"दोनदा कोण उभं राहिलं?"

विणणाऱ्या म्हातारीने मान वर न करता सुई लायलकडे रोखली. "हा. घडीच्या शर्टवाला."

"आपण कोण?" सभापतींनी विचारलं.

"अध्यक्ष महाराज, मी इथलाच! म्हणजे होणार आहे! म्हणजे हिने हो म्हटलं तर!" एकदा जीभ सुटली की लायलला ती आवरत नसे, आणि आता तर भीतीने ती चौखूर उधळली. "मी कित्येक वर्षं सांगत आलोय की आदर्श गाव म्हणजे—"

हातोडा आपटला. "थांबा. मतदार नसलेल्याला इथे बोलायचं तर सभेची परवानगी लागते. तीन माणसांत दोघांची. मंडळी, यांना बोलू द्यायचं? हो म्हणणारे?"

मागे कुणीतरी खोकलं.

"हो!" लायल म्हणाला.

"तुम्हाला मत नाही. नाही म्हणणारे?"

"नाऽऽही!" छप्पर हादरलं! डांबरवाले, चिखलवाले, गायवाले, सगळे एका सुरात! मागच्या रांगेत एक तान्हं मूलही ओरडलं. सभापतींनी डोळे मिटून घेतले. "एकमताने नामंजूर," ते म्हणाले. "मी सभापती झाल्यापासून गावाचं पहिलंच एकमत. नोंद करा."

लायल मटकन खाली बसला. लोक हसत होते, त्याचं त्याला एवढं वाटलं नाही. शेजारी नोरीन बसली होती, तिने हे सगळं पाहिलं होतं, आणि गावाची एकुलती एक संधी त्याने स्वतःच्या तोंडाने घालवली होती. त्याला खरोखर रडू आलं.

"त्याच्या बायकोला बोलू द्या," म्हातारी म्हणाली. "तिने एकदाही मत दिलं नाही."

मत घेतलं. मंजूर! नोरीन उठली. लायलने डोळे झाकून घेतले.

"रस्त्याचं तुमचं तुम्ही ठरवा," नोरीन म्हणाली. "मला एवढंच कळतंय की तळघरातून बीन्सचा वास येतोय, आणि उपाशी माणसं नीट मोजता येत नाहीत. आधी जेवा. मग माझा नवरा त्या पाटीखाली बसेल आणि तुम्ही पुन्हा मोजा."

टाळ्या पडल्या! सभा जेवायला उठली.

तळघरात लांबच लांब टेबलं मांडली होती. भाजलेलं हॅम, भांडी भरभरून बीन्स, मेपलचा पाक ओतलेला केक. लायल कोपऱ्यात एकटा. रिकामं ताट पुढ्यात घेऊन बसला होता. एव्हरेट आला, त्याच्या ताटात केकचा तुकडा ठेवला, "खा," म्हणाला आणि गेला. पलीकडे नोरीन त्या म्हातारीशी डोक्याला डोकं लावून बोलत होती. बायका तिला 'विल्मा' म्हणून हाक मारत होत्या. म्हणजे घराची मालकीण हीच! जिने सुई रोखली तीच! संपलं सगळं, लायलने मनाशी म्हटलं. ही आता घर शनिवारवाल्यालाच देणार.

दुपारी तो पाटीखाली मुकाट बसून राहिला. फेरमोजणीत डांबर एका मताने पडलं. सभा संपली तसा तो तडक गाडीत जाऊन बसला. नोरीन बऱ्याच वेळाने आली.

"तू काही बोलूच नकोस," लायल म्हणाला. "हरलो मी. जाऊ फिनिक्सला. ठरल्याप्रमाणे पुन्हा कधी गावाचं नाव काढणार नाही."

"मी विल्माला हो म्हटलं," नोरीन म्हणाली. "जून महिन्यात राहायला यायचं. घर खाली करायला तिला तेवढा वेळ हवाय."

"काय?" लायल उडालाच. "अगं, तो चिखल! ती भांडणं! आणि मला भर सभेत—"

"तेच तर! इतक्या वर्षांत मला एकटीला जमलं नाही, लायल. इथे अख्ख्या गावाने एका दमात तुला गप्प बसवलं. आदर्श गाव म्हणजे आणखी काय असतं?"

याला उत्तर द्यायलाच हवं होतं. लायलने खोल श्वास घेतला, तोंड उघडलं. नोरीनने शांतपणे खिडकीची काच खाली केली. बाहेर एव्हरेट ट्रॅक्टरवर चढत होता.

"अहो एव्हरेट, जरा इकडे येता का? जाता जाता बाकीच्यांनाही बोलवा. एक मत घ्यायचंय!"

लायलने तोंड मिटून घेतलं.