टिकल्यांचं टाइमटेबल

आमच्या कॉम्प्युटर डिपार्टमेंटमध्ये प्रत्येक प्राध्यापकाला एक टिकली होती. पुरुषांनासुद्धा. माझी मरून, शेख सरांची हिरवी. एचओडी मेहता सरांची चमचमणारी सोनेरी, कारण "हुद्द्याला शोभायला नको?" असं सुर्वे मॅडमचं म्हणणं. "सर, तुमची टिकली पडली," असं त्या भर स्टाफरूममध्ये म्हणायच्या आणि भरघोस मिशांचे मेहता सर टेबलाखाली वाकून टिकली शोधायचे. नवीन लागलेला माणूस पहिल्या दिवशी हे ऐकून पार गार व्हायचा.

त्याचं असं होतं. मीरा रोडच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात सेमिस्टरची आखणी सुर्वे मॅडमकडे. कुठल्या वर्षाला कुठला विषय, तो कुणी शिकवायचा, कुठल्या बॅचचं प्रॅक्टिकल कधी, हे सगळं त्या एका आरशावर बसवायच्या. आरसा त्यांच्या आईच्या कपाटाचा. आई गेल्यावर कपाट मोडीत काढलं, पण आरसा मांडीवर घेऊन मॅडम रिक्षाने कॉलेजात आल्या. त्यावर मार्करने चौकोन आखले. एक चौकोन म्हणजे एका वर्गाचा एक तास, आणि त्यात शिकवणाऱ्याच्या रंगाची टिकली. "काढा, परत लावा, डाग पडत नाही," त्या म्हणायच्या. "हवाय कशाला कॉम्प्युटर?" आणि बाई शिकवायच्या काय, तर अल्गोरिदम्स!

टिकल्या केबिन रोडवरून यायच्या. एकदा मी बरोबर होते. दुकानदाराने विचारलं, "मॅडम, इतनी बिंदी का आप करते क्या हो?" मॅडम शांतपणे म्हणाल्या, "पूरे स्टाफ को लगाती हूँ. जेन्ट्स को भी." बिचाऱ्याने घाईघाईने पाकिटं बांधून दिली. स्वतःच्या कपाळावर मात्र मॅडम कुंकवाचं बोट टेकवायच्या. टिकल्या कॉलेजच्या, त्या घरी कशा वापरायच्या? आरशावरही त्यांचा स्वतःचा असा रंग नव्हता. सगळ्यांचं बसवून झालं की जी टिकली उरेल ती त्यांची. आणि शनिवारचं दुपारचं शेवटचं प्रॅक्टिकल, जे कुणालाच नको असायचं, तेही वर्षानुवर्षं त्यांचंच.

विषय लावण्याचं त्यांचं शास्त्रही वैद्याच्या काढ्यासारखं. "मायक्रोप्रोसेसर सकाळी, उपाशीपोटी. त्यावर लगेच गणित नको, पोरांना उलटी होईल. जेवणानंतर ग्राफिक्स, चित्रं बघत डोळे तरी उघडे राहतात." शेवटच्या वर्षाचे इलेक्टिव्ह, म्हणजे मुलांनी आपल्या आवडीने निवडायचे विषय, आले की म्हणायच्या, "एका पंगतीत दोन भाज्या आल्या, आता वाढपी दोन बघा." आणि एका चौकोनात चुकून दोन टिकल्या पडल्या, क्लॅश झाला, की बाईंचा चेहरा बघवत नसे. "अगं, सवती एका घरात नांदतील, पण दोन मास्तर एका वर्गात? न्हाई बाई!" रत्नागिरीची जीभ, रागावली की मूळ गावाला जायची.

बोलणं मात्र तिखट. मला म्हणाल्या, "गौरी, दुपारी तुझं डोकं चालत नाही. पोरांचं नुकसान नको, म्हणून एक वाजल्यानंतर तुला काही ठेवलं नाहीये." मी चिडले, पण म्हटलं, बरंच झालं. माझं बाळ तेव्हा अंगावर पीत होतं आणि सिल्व्हर पार्कला घरी सासूबाई त्याला घेऊन ताटकळत बसायच्या. शेख सरांना सांगितलं, "शुक्रवारी दोपहर को आपकी आवाज बैठती है, लेक्चर नहीं दूँगी." आणि लॅब उघडणाऱ्या घरतमामांना, "सकाळी तुम्ही जांभया देता, मशीनना झोप येते. पहिलं प्रॅक्टिकल नाही ठेवत." आम्ही तिघं चहाला बसलो की मॅडमच्या नावाने बोटं मोडायचो.

मग त्याच वर्षी शेवटच्या वर्षाच्या मुलींनी प्रोजेक्ट केला, आपोआप टाइमटेबल बनवणारं सॉफ्टवेअर. गाइड कोण? सुर्वे मॅडम! मेहता सर खूश, थेट गुजरातीतच सुरू झाले. "मॅडम, हवे आराम करो ने! बटन दाबायचं, टाइमटेबल बाहेर. ये आरसा आता काढून टाकू." माणूस मनाने चांगला, त्यांना वाटलं आपण बाईंचं ओझं उतरवतोय. मॅडम "बरं" म्हणाल्या. त्या दिवशी त्यांचा चहा कपातच राहिला.

बेव्हर्ली पार्कच्या त्या फ्लॅटमध्ये आईनंतर मॅडम एकट्या. सेमिस्टरची आखणी जवळ आली की बाई अशा फुलायच्या, जसं घरात कार्य निघालंय. तो आरसा म्हणजेच त्यांचा संसार होता हो. तो काढला तर ह्या बाईचं होणार काय?

सोमवारी प्रिंटआउट लागला. क्लॅश एकही नाही. आणि दुपारपर्यंत डिपार्टमेंटमध्ये नुसता हलकल्लोळ! शेख सर मॅडमच्या टेबलापाशी उभे. "मॅडम, जुम्मे को एक बजे प्रॅक्टिकल? नमाज को कैसे जाऊँ?" घरतमामा दारात. "मॅडम, मना न्हाय जमाचा. सकाली बायकोची म्हावऱ्याची पाटी मासली बाजारात कोन पोचवील?" आणि मी. मला रोज दुपारी दोन ते चार. मी तर नुसती रडायच्या बेतात.

आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो. हळूहळू डोक्यात प्रकाश पडला. डोकं न चालणं, आवाज बसणं, जांभया. अरे देवा!

प्रोजेक्टमधली मुलगी भांबावली. "मॅडम, हे नियम तुम्ही आम्हाला सांगितलेच नाहीत. आम्ही घातले असते ना."

मॅडम एकदम कडाडल्या. "काय सांगू? कोणाच्या घरी काय चाललंय ते तुमच्या मशीनला? लोकांच्या घरातलं असं चव्हाट्यावर मांडायचं असतं का ग?"

मी हळूच विचारलं, "माझं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला लागतं? दुपारी पदर घट्ट गुंडाळून कोपऱ्यात बसायचीस. बाईमाणसाला कळतं." असं म्हणून त्या उगाचच टिकल्यांची पाकिटं लावत बसल्या.

मेहता सर जाणते. दाराशी उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं होतं. घसा खाकरून म्हणाले, "मुलींना पैकीच्या पैकी मार्क द्या. पण टाइमटेबल आरशावरचंच." मॅडमनी लगेच पदर खोचला आणि बसल्या चौकोन आखायला.

सगळे गेल्यावर मी प्रिंटआउट बघत होते. "मॅडम, तुमचा मात्र ह्यात फायदा होता. शनिवारी साडेबारानंतर मोकळ्या. ते शेवटचं प्रॅक्टिकल गेलं असतं एकदाचं."

त्यांचा हात थांबला. "आणि मोकळी होऊन करू काय? शनिवारी घरी गेलं की सोमवारपर्यंत माझ्याशी बोलणारं कोण आहे? दूधवाला येतो, तोही पिशवी दाराला लावून जातो. पोरांबरोबर पाच वाजतात, तेवढीच ती दुपार लहान होते."

इतकी वर्षं आम्ही समजत होतो, बाईंना कामाची हौस. मी प्रिंटआउटची घडी घातली. मग त्यांच्याच टोनमध्ये म्हटलं, "हे बघा, शनिवारी दुपारी माझ्याकडे जेवायला यायचं. दर शनिवारी. सासूबाई कोळंबीचं कालवण करतात. बाळाला खिमट सुरू केलंय, ते भरवायला मला एक हात कमी पडतो."

मॅडम आरशाकडे बघत राहिल्या, वरून खाली, डावीकडून उजवीकडे, जशा नेहमी क्लॅश शोधायच्या. काही सापडलं नसावं. "बघते बसतंय का," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टाफरूममध्ये शिरले तर आरसा पूर्ण भरलेला. शनिवारचं शेवटचं प्रॅक्टिकल शुक्रवारी सरकलं होतं. आणि शनिवारच्या त्या रिकाम्या चौकोनात माझी मरून टिकली होती. तिला अगदी खेटून दुसरी एक, अबोली रंगाची. तो रंग आमच्यात कोणाचाच नव्हता. टेबलावर केबिन रोडचं नवं कोरं पाकीट फोडलेलं पडलं होतं.

"मॅडम," मी म्हटलं, "एका चौकोनात दोन टिकल्या? क्लॅश होतोय."

मॅडमनी आरशातूनच माझ्याकडे बघितलं.

"असू दे ग," त्या म्हणाल्या. "एक चालतो."