आधी दोष, मंग भाव

गावंडेताईंनी जुना सोफा विकायला काढला, तेव्हा मोबाइलवरच्या जाहिरातीत सोफ्याचा फोटो टाकला नाही. सोफ्याच्या मागच्या पायाला पडलेल्या चिरेचा टाकला. दुसरा फोटो गादीवरच्या चहाच्या डागाचा. खाली मजकूर: 'पाय चिरलेला. डावीकडे बसल्यास करकरते. डाग धुतला, गेला नाही. बाकी ठीक.' किंमत नाहीच. कोणी विचारलीच तर ठरलेलं उत्तर जायचं, "आधी दोष, मंग भाव."

हे सगळं मला खात्रीनं माहीत आहे, कारण टाईप करणारा मी होतो. शंकर नगरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर आमची दारं समोरासमोर. मी अमरावतीचा, नोकरीपायी रायपूरला आलेलो. त्यांचे वडील केव्हाचे इथं येऊन स्थायिक झालेले. मराठी बोलायला माणूस मिळाला म्हणून सुरुवातीला मी खूश होतो. नंतर कळलं की बोलायचं त्यांनी आणि लिहायचं मी.

पहिल्यांदा मी हौसेनं चांगला फोटो काढला होता. खिडकीचा उजेड, गादीवर आमच्या घरची नवी चादर. ताईंनी चष्मा पुसून पाहिला.

"हा कोनाचा सोफा आहे, मोहनभाऊ?"

"तुमचाच की."

"माह्या सोफ्याले चीर आहे. याच्यात कुठं दिसून राहिली? मिटवा."

मिटवला.

ताईंनी एकतीस वर्षं एका ट्रान्सपोर्ट कंपनीत काढली होती. फुटक्या-तुटक्या मालाच्या तक्रारी त्यांच्या टेबलावर यायच्या. माल पाठवणारा म्हणे, चढवताना धड होता. घेणारा म्हणे, उतरवताना फुटलेला होता. दोघंही पोराबाळांच्या शपथा घेत. "दोन खरं बोलनारी मानसं समोरासमोर उभी असलेली मी कधी पाह्यली नाही जी," ताई म्हणत. आता गुडघे गेले होते, बिल्डिंगला लिफ्ट नव्हती, म्हणून मागच्या गल्लीत तळमजल्यावर एक खोली घेतली होती. एका खोलीत मावेल तेवढं ठेवायचं आणि बाकीचं विकायचं. एकट्या बाईला लागतंच किती, असं सगळे म्हणाले. मदतीला मात्र कोणी आलं नाही.

गिऱ्हाईकं एकेक नमुना. सकाळी सहाला 'हाय' लिहून गायब होणारी. 'आंटी, लास्ट प्राइस?' विचारणारी. 'आंटी' ऐकून ताईंचं डोकं आधीच फिरायचं. त्या मला सांगत, "लिहा, लास्ट म्हंजे मरताना. अजून टाइम आहे."

विक्री ठरली की त्या दोषांची यादी दोन प्रतींत काढत आणि घेणाऱ्याची सही घेत. सही केल्याशिवाय वस्तू जिन्याची एक पायरी उतरत नसे. सोफा नेणाऱ्या गृहस्थांनी हसत हसत सही केली, आणि आठ दिवसांनी फोन केला की सोफा फारच करकरतो, परत घ्या. ताई रिक्षा करून त्यांच्या घरी गेल्या. मला साक्षीदार म्हणून नेलं. सोफ्याच्या डाव्या बाजूला डोळे मिटून पंधरा मिनिटं बसल्या, मध्येमध्ये हलल्या. घरातली माणसं चहा हातात धरून उभी. मग ताईंनी डोळे उघडले.

"आवाज तोच आहे. वजन तुमचं नवीन आहे."

दुसऱ्या एकानं कपाटाचं कुलूप टेम्पोत स्वतःच मोडलं आणि आळ ताईंवर घातला. त्यांनी पर्समधून त्याच्याच सहीचा कागद काढला. 'कुलूप चालू, किल्ली दोन.' तो खाली उतरला.

बिल्डिंगमध्ये हे किस्से रंगवून सांगितले जात. सांगणारा बहुधा मीच. लोक पोट धरून हसत. एखाद्याला एकदा विक्षिप्त ठरवलं की त्याच्याकडे जाऊन घटकाभर बसायची जबाबदारी संपते. ही सोय आम्ही सगळ्यांनी करून घेतली होती.

शेवटी राहिला पलंग. आतल्या खोलीतला, सागवानी, डोक्याकडे वेलबुट्टी कोरलेला. त्यावर कोणी झोपलेलं मी पाहिलं नव्हतं. नुसत्या गोधड्यांच्या चळती. ताई बाहेर सतरंजीवर झोपत. त्यांनी तीन दिवस त्या पलंगाचे दोष शोधले. टॉर्च घेऊन खाली शिरल्या, गुडघे दुखले म्हणून मला शिरवलं. काही नाही. शेवटी मला लिहायला सांगितलं, 'दोष सापडला नाही.' ते लिहिताना त्या अस्वस्थ होत्या. असं वाक्य त्यांनी आयुष्यात कधी लिहिलं नसावं.

बीरगावच्या दिलेश्वरनं तो नेला. सिलतऱ्याच्या कारखान्यात काम करणारा साधा माणूस. सही करताना म्हणाला, "दीदी, इसमें तो कुछ लिखा ही नहीं." ताई म्हणाल्या, "है ही नहीं, भैया."

दोन आठवड्यांनी जाहिरातीखाली त्याचा मजकूर आला. पलंगाखाली रोज पिवळी भुकटी पडते, घुण लागलेला माल दिला, ही बाई धोकेबाज आहे. बिल्डिंगमधल्या कोणीतरी तत्परतेनं त्या मजकुराचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. हसणारे चेहरे आले. 'दोषवाली दीदी खुद पकडी गई,' असं एकानं लिहिलं. हे लिहिणाऱ्याच्या बायकोच्या बाळंतपणात ताईंनी महिनाभर डिंकाचे लाडू पुरवले होते. मी एक उत्तर टाईप केलं, दोनदा वाचलं आणि पुसून टाकलं. सगळ्यांशी वाकडं कशाला घ्या, असा माझा विचार.

ताई अनवाणीच आमच्या दारात आल्या. इतर भांडणांत वाघीण असलेली ही बाई हातातला फोन माझ्यापुढं धरून साक्ष मागत होती.

"मोहनभाऊ, मी लपवलं का जी? तुमी तर होते ना संगं. सांगा."

"नाही ताई. आपण दोघांनी पाहिलं होतं."

"मंग काहून म्हनते तो धोका?"

दुसऱ्या दिवशी रविवार. मी गाडी काढली.

दिलेश्वरच्या घरी पलंग भिंतीपासून ओढून ठेवला होता. खाली खरंच चिमूट चिमूट भुकटी. दिलेश्वर रागात होता. "दीदी, हम गरीब समझ के..." तो सुरू झाला, पण ताई भांडायला उभ्याच राहिल्या नाहीत. "वापस ले जाती हूँ," एवढंच म्हणाल्या. त्यानं भांडणाची तयारी केली होती.

त्यानं साक्षीला पाऱ्यातला, म्हणजे त्याच्या वस्तीतला, म्हातारा सुतार बोलावून ठेवला होता. सुतार खाली बसला, आतली आडवी पट्टी टोकरून पाहिली, भुकटी चिमटीत घेतली.

"बाकी सब असली सागौन है. ये एक पट्टी किनारे की कच्ची लकड़ी है. घुन इसी में है, अंदर से खाता है. ऊपर से बरसों पता नहीं चलता."

"बेचने वाले को भी नहीं?" दिलेश्वरनं विचारलं.

"हव, इनको भी नहीं. कैसे दिखेगा?"

दिलेश्वरनं मान खाली घातली. विषय तिथं संपायला हरकत नव्हती. पण ताई पुढं झाल्या.

"और जिसने बनवाया, उसको?"

"उसको भी नहीं, दीदी. उसने तो चिकनी लकड़ी देखी, पॉलिश देखी. वो बेचारा क्या जाने?"

"पक्का?"

म्हातारा हसला. "साठ साल से रंदा चला रहा हूँ. मुझे ही नहीं दिखता."

ताई पलंगाच्या काठावर बसल्या. दिलेश्वरच्या बायकोनं पाणी आणलं, त्यांनी ते घेतलं नाही. सुतार म्हणाला, पट्टी बदलून देतो, बाकीच्याला औषध भरतो, पलंग अजून दोन पिढ्या चालेल. दिलेश्वर म्हणाला, मग राहू द्या दीदी, आणि फोन काढून माझ्यासमोर तो मजकूर पुसला. सोसायटीच्या ग्रुपवरचा तसाच राहिला. तो पुसायचं कोणाला सुचलं नाही.

परतताना रेल्वे फाटकाशी गाडी थांबली, तेव्हा त्या बोलायला लागल्या. माझ्याकडे न पाहता.

"हा पलंग बाबांनी माह्या लग्नात आंदन दिला होता. सासरी, आर्वीले. अकराव्या दिवशी मले फिट आली. त्याच्या पह्यले कधी आली नव्हती. सासरचे म्हने, पोरगी बिमार आहे हे लपवलं, फसवलं. ज्या ट्रकात पलंग गेला होता, त्याच ट्रकात मी अन् पलंग वापस आलो."

मागच्या गाडीनं हॉर्न दिला. फाटक अजून बंदच होतं.

"बाबा म्हनत, कुसुम, मले मालूम नव्हतं. मी म्हनो, बापाले कसं मालूम नसते? लग्न उरकाचं म्हनून तुमी गप्प राह्यले. मंग सोळा वर्षं आमी दोघं त्याच घरात राह्यलो, मोहनभाऊ. जेवा. पानी घ्या. दवाई घ्या. याच्यावर चौथी गोष्ट नाही बोलली मी त्यांच्याशी. दवाखान्यात शेवटच्या दिवशी तेवढं इचारलं, तुमाले मालूम होतं ना? त्यांनी नुसती मान हालवली, नाही म्हनून. मी म्हटलं, आता तरी खरं बोला."

फाटक उघडलं. समजूत घालायच्या भानगडीत न पडता मी गाडी पुढं घेतली. निदान एवढी अक्कल त्या दिवशी मला होती.

बिल्डिंगखाली गाडी लावली. मी दार उघडून धरलं, पण त्या उतरल्या नाहीत.

"तुमी जा वर. मी बसते थोडी."

दुपारचं ऊन होतं. मी गाडी चालूच ठेवली, गार हवा सोडली आणि जिना चढलो. बऱ्याच वेळानं गॅलरीतून खाली डोकावलो. ताई तशाच बसल्या होत्या. माझ्या रिकाम्या सीटकडे तोंड वळवून, हातवारे करत, त्या कोणाशी तरी बोलत होत्या.