कोंबड्याच्या वाट्याची बाटली

ईस्टरच्या रविवारी सकाळी साडेनऊला ओदीलने रेजिसला कोंबड्याच्या रश्श्यात ओतायला तळघरातून साध्या वाईनची एक बाटली आणायला सांगितलं. "डावीकडून तिसरा कोनाडा," स्वयंपाकघराच्या खिडकीतून एवढंच बोलून ती पुन्हा कांद्यांकडे वळली. रेजिस ग्रेनोबलच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा आणि सुट्टीत बायकोला घेऊन बर्गंडीतल्या या जुन्या मित्रांकडे यायचा. सूचना तंतोतंत पाळण्याबद्दल त्याची ख्याती होती.

पण ओदीलची डावी बाजू स्वयंपाकघराच्या जिन्यावरून उतरल्यावरची होती. रेजिस अंगणात होता, म्हणून तो पलीकडच्या टोकाला असलेल्या अंगणाच्या दाराने आत शिरला आणि त्याची डावी बाजू ओदीलची उजवी झाली. दोन्ही भिंतींत पाच-पाच कोनाडे होते, त्यामुळे तिसरा कुठूनही मोजला तरी मधलाच. तिसऱ्या कोनाड्यात एकच बाटली पडली होती. तिला लेबल नव्हतं, पण तिथल्या कुठल्याच बाटलीला नव्हतं. लेबल विकायच्या बाटल्यांना लावायचं, घरच्या बाटल्या जागेवरून ओळखायच्या, असा ओदीलच्या नवऱ्याचा, आर्मांचा, शिरस्ता होता. एकच उरलीय, वर बुरशीही चढलीय, म्हणजे ही रोजच्या वापरातली शेवटची असणार, असं रेजिसने ठरवलं. बूच काढताना त्याचा भुगा झाला. रेजिसने वाईन शांतपणे गाळून घेतली, पातेल्यात ओतली आणि बाटली विसळून रिकाम्या बाटल्यांत ठेवली.

अकरा वाजता आर्मां त्याला ग्लास पुसायला घेऊन बसला. लेक अपोलीनचं लग्न ठरलं होतं. होणारे व्याही, लाकोसाद पतिपत्नी, बोर्दोहून जेवायला येत होते. अपोलीन जन्मली त्या वर्षीच्या बारा बाटल्या आर्मांने बाजूला काढल्या होत्या. अकरा तिच्या वाढदिवसांना संपल्या. बारावी आज उघडायची होती.

"बोर्दोच्या लोकांना वाटतं, वाईन फक्त त्यांनाच कळते," आर्मां म्हणाला. "आज कळेल त्यांना."

"कुठे ठेवलीयस ती?" रेजिसने विचारलं.

"ओदीलच्या स्वयंपाकाच्या वाईनच्या बरोबर समोर. तिथे कोण कशाला जातंय?"

रेजिसने तोच ग्लास चार वेळा पुसला. मग बायकोला, क्लोतिल्दला, अंगणात गाठून सगळं सांगितलं. ती म्हणाली, आत्ताच्या आत्ता जाऊन कबूल कर. पण तेवढ्यात फाटकात गाडी थांबली आणि व्याही उतरले. आता व्याह्यांसमोर कबुली देणं म्हणजे आर्मांची शोभा. रेजिस पुन्हा तळघरात गेला. या वेळी त्याने जिन्यावरून मोजलं. साधी बाटली काढली, भिंतीवरच्या बुरशीत नीट घोळवली आणि रिकाम्या कोनाड्यात ठेवली.

जेवताना आर्मांने ती बाटली तान्ह्या बाळासारखी दोन्ही हातांत धरून आणली. बूच अखंड बाहेर आलं. इतक्या जुन्या बाटलीचं बूच एवढं धड नसतं, आता पकडलो, असं रेजिसला वाटलं, पण आर्मांने ते उंच धरलं. "सत्तावीस वर्षं झाली, आणि बूच बघा. तळघर असावं तर असं."

मग तो डोळे मिटून पाव तास बोलला. त्याला ओल्या पानांचा वास आला, जुन्या चामड्याचा आला, अपोलीन जन्मली त्या सकाळच्या धुक्याचाही आला. लाकोसाद मागे कसे राहणार? त्यांनी त्यात जंगली अळंबी शोधली. त्यांच्या पत्नीने डोळे टिपले. अपोलीनने वडिलांचा हात हातात घेतला. क्लोतिल्दने टेबलाखालून नवऱ्याच्या नडगीवर मोजून दोन लाथा मारल्या.

चीज कापायला आर्मां स्वयंपाकघरात गेला. रेजिस त्याच्या मागोमाग गेला आणि दार लावून त्याने सगळं ओळीने सांगितलं. दारं, डावी बाजू, भुगा, बुरशी. काही गाळलं नाही.

आर्मांची सुरी चीजमध्येच थांबली.

"म्हणजे मी इतका वेळ..."

"ओदीलच्या स्वयंपाकाच्या वाईनबद्दल बोलत होतास."

"आणि अळंबी?"

"ती तुझ्या व्याह्यांनी काढली."

रेजिस आरडाओरड्याची वाट बघत होता. पण ओरडायचं तर कशासाठी ते बाहेर सांगावं लागलं असतं, आणि बाहेर बोर्दोची माणसं बसली होती. आर्मांने सुरी खाली ठेवली. "अजून कुणाला माहितेय?"

"फक्त क्लोतिल्दला."

"तिच्यापुढे जाता कामा नये. एक शब्द काढलास तर या घराची पायरी चढायची नाहीस." मग त्याने शेगडीकडे मान वळवली. "पातेल्यात रस्सा किती उरलाय?"

तो चीजऐवजी पातेलं घेऊन बाहेर आला आणि ते स्वतःच्या पुढ्यात ठेवून बसला. लाकोसादांनी आशेने ताट पुढे केलं. तुमच्यासाठी रेजिस चीज आणतोय, असं आर्मांने अदबीने सांगितलं आणि पावाचा तुकडा रश्श्यात बुडवला. तुकड्यामागून तुकडा, डोळे मिटून, तो सावकाश खात राहिला. या वेळी कसल्याही वासाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

ओदील हनुवटीखाली हात घेऊन त्याच्याकडे बघत होती. तीस वर्षांच्या संसारात या माणसाने पातेलं कधी पुसून खाल्लं नव्हतं.

"एवढा आवडला?" तिने विचारलं.

आर्मांने मान डोलावली. आणि पुढचा तुकडा बुडवला.

"मी तर नेहमीसारखाच केला हो," ओदील विहीणबाईंना सांगू लागली. "फक्त वाईन तेवढी रेजिसने आणली. आता लग्नाच्या जेवणाला वीस कोंबडे करीन आणि वाईन आणायला यालाच पाठवीन."