जमादारांच्या मिशीतला दोरा

दौलतराव जमादारांच्या मिशीत बहुतेक वेळा दोऱ्याचा एखादा तुकडा अडकलेला असे. मिशी दांडगी होती, अगदी कानाकडे निघालेली, त्यामुळे त्यांना स्वतःला त्याचा पत्ता नसायचा. गावाला मात्र बरोबर दिसायचा. हिरवा दोरा दिसला की पारावर बसलेली माणसं समजून जात की देशमुखांच्या सुनेची चोळी शिवायला घेतलेली आहे. पांढरा दिसला की कुणाच्या तरी बाळाचं अंगडं. पण तोंडानं कुणी काही बोलत नसे. एखादा नवखा ‘जमादार, तुमच्या मिशीत…’ एवढं म्हणालाच, तर शेजारचा त्याच्या मांडीवर असा काही दाब द्यायचा की तो पुढचं वाक्य पावसापाण्यावर नेऊन सोडायचा.

जमादार निजामाच्या पोलिसातून वजिफा, म्हणजे पेन्शन, घेऊन घरी बसलेले. नेकनूरहून केजकडं जाताना लागणाऱ्या एका गावात त्यांचं घर होतं. त्यांच्या नुसत्या खाकरण्यानं एक दरोडेखोर भिंतीवरून उलटा पडला, असं त्यांच्याबद्दल सांगत. खरं-खोटं मला माहीत नाही, पण ते खाकरले की माझ्या हातातला तांब्या हलायचा, हे खरं.

मी तिथं परका. माझं गाव राजापूरकडं, खाडीच्या काठाला. तिसरीत असतानाच शाळा सोडली. पुढं मोठा झाल्यावर एका रस्त्याच्या कंत्राटदाराबरोबर मोगलाईत आलो. त्या गावाजवळ मला हिवताप भरला आणि कंत्राटदार माणसं घेऊन पुढं निघून गेला. जमादारांनी मला बैलगाडीत घालून घरी आणलं, आपल्या ढेलजेत, म्हणजे दरवाज्यालगतच्या बाहेरच्या खोलीत ठेवलं, आणि बरा झाल्यावर शाळेत शिपाई म्हणून लावून दिलं. ज्या शाळेला मी पाठ दाखवली होती, तिची घंटा वाजवायची पाळी माझ्यावर आली. तिसरीतली पोरं माझ्यापेक्षा बरं वाचायची. घंटा वाजवताना मी मान खाली घालूनच वाजवायचो.

जेवायलाही मी त्यांच्याकडंच. फुकटचं खायला संकोच वाटायचा, म्हणून भाकरी अर्धीच पुरे म्हणायचो. जमादार वरून अख्खी टाकायचे. “खा बे कोकण्या, सरकारी हुकूम हाय.”

माझ्या ढेलजेची आणि मधल्या खोलीची भिंत एकच. पलीकडं शिवणाची मशीन होती, पायानं चालवायची. मशीन सुरू झाली की जमादार मोठ्यांदा खाकरायचे, म्हणजे आवाज झाकला जावा. पण माणूस खाकरणार किती? खाकरणं संपायचं, मशीन चालू राहायची, आणि भिंतीतून एक बारीक, ठसठशीत आवाज यायचा.

“डावीकडं. आजून. थांबा. पाय उचला म्हनलं ना. आता फिरा.”

तो आवाज त्यांच्या बायकोचा, गयाबाईंचा. उभ्या हयातीत ज्या माणसानं शिपायांना डावीकडं-उजवीकडं फिरवलं, त्याची रोज दुपारी अशी परेड निघायची.

गयाबाईंचं शिवण एके काळी बीडपर्यंत नावाजलेलं होतं. त्यातही त्यांची मगजी. मगजी म्हणजे कडेच्या शिवणीत दोरी भरून बसवलेली, वेगळ्या रंगाची बारीक गोल किनार. ती त्यांच्या हातची कुठं वाकडी जात नसे, कुठं सुरकुतत नसे. मग त्यांना वातानं धरलं. बोटं आत वळली ती वळलीच. सुई राहू दे, पाण्याचा पेला धरायचा तर दोन्ही मनगटांत धरावा लागे. पण बायका कापड घेऊन येतच राहिल्या, आणि चोळ्या शिवून होतच राहिल्या. शिवलेलं गाठोडं जमादार स्वतः घरोघर पोचवायचे आणि उंबऱ्यात उभं राहून सांगायचे, “घरच्यांनी शिवलंय. आपन निस्ते हमाल.”

हे ऐकून घेताना बायका पदर तोंडाला लावायच्या. माप द्यायला यायच्या तेव्हा जमादार दाराआड उभे असायचे, आणि त्या गयाबाईंकडं बघून पण दाराला ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा सांगायच्या, “काकू, गेल्या वक्ताला बगलंत लई आवळली बगा. जरा सैल ठिवा.” दाराआडून एक हुंकार यायचा. पुढची चोळी सैल असायची.

मला वाटायचं, एवढ्या मिशीच्या माणसाला चोळ्या शिवायची लाज वाटणारच. गावालाही तेच वाटत असावं. म्हणून तर सगळे इतकं सांभाळून घ्यायचे.

एकदा शाळेत हुकूम आला की मोहतमीम साहेब, म्हणजे शाळा तपासणारे मोठे अंमलदार, तपासणीला येणार. शाळेत खुर्ची एकच, आणि तिचा वेत बसून बसून फाटलेला. हेडमास्तरांनी जुन्या पडद्याचं जाड हिरवं कापड माझ्या हातात दिलं आणि सांगितलं की जमादारांच्या घरून गादी करून आण. साहेबांच्या मनात शाळा भरली तर माझी नोकरी पक्की होईल, असंही म्हणाले. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

गयाबाईंना मात्र उत्साह आला. सरकारी माणसासाठी शिवायचं आजवर कधी आलं नव्हतं. कापूस घरचाच होता. मगजीला त्यांनी लाल कापड निवडलं. जमादारांनी खडूनं तिरप्या रेघा मारून पट्ट्या कापल्या. सरळ कापलेली पट्टी कोपऱ्यावर वळत नाही, हे तिथंच मला कळलं. पट्टीच्या आत भरायला गुळगुळीत दोरी हवी होती. घरात शोधाशोध झाली आणि अखेर परकराची एक नवी नाडी सापडली. ती पट्टीत घालून शिवताना जमादारांचे कान लाल झाले होते. “साहेबाला काय कळायलंय आत काय हाय ते,” असं ते मशीनला सांगत होते.

मला त्या घरासाठी काहीतरी करावंसं फार वाटायचं, आणि माझ्याकडं होतं काय? बोटीवर खलाशी असलेल्या मामानं दिलेली एक कॅनव्हासची पिशवी. पिशवी कुजली होती, पण तिच्या तोंडाला लावलेली पितळी चेन चांगली होती. दोन्हीकडं दात, मधे एक चिमटी. चिमटी ओढली की दातात दात बसत. मी ती उसवून गयाबाईंपुढं ठेवली आणि म्हणालो, काकू, ही लावली तर खोळ धुवायला काढता येईल.

त्यांनी मनगटानं चिमटी सरकवली. चेन मिटली. पुन्हा उघडली. मग बराच वेळ दुसरं काही झालंच नाही. शेजारच्या बायका बघून गेल्या, लोहार बघून गेला. त्या आवळलेल्या हातांना जमणारं असं काहीतरी पुष्कळ दिवसांनी सापडलं होतं.

मग प्रश्न आला की लावायची कुठं. मामाच्या बोटीवरच्या गाद्यांना ती मागच्या बाजूला, दिसणार नाही अशी असायची, असं मी भीत भीत सांगितलं. जमादारही म्हणाले, मागं किंवा खालून लावू.

“खालून?” गयाबाई म्हणाल्या. “असली चीज आन् खाली? नथ काय मानेमागं घालतेत का? वरूनच लावा. पुढं. साहेबाच्या दोन गुडघ्यांच्या मधोमध चकाकली पायजे.”

“अगं, चेनीत कापड गावंल एखाद्याचं.”

“कावून गावंल? शिवनारा कोन हाय, तुमी का मी?”

जमादारांनी माझ्याकडं बघितलं नाही. पाय मशीनच्या पायट्यावर ठेवला आणि चेन वरून, पुढच्या कडेला लावली. टाके असे की लोहारालाही दोष काढता आला नसता. चारी कोपऱ्यांवर लाल मगजी अशी वळली होती की बघतच राहावं.

साहेब आले. लांब काळी शेरवानी, गोंड्याची रूमी टोपी, बारीक दाढी. माणूस सौम्य वाटला. शाळेच्या पडवीत खुर्ची मांडली होती. गावची मोठी माणसं भिंतीला लागून उभी, त्यांत जमादारही, पोलिसी फेटा बांधून. मी घंटेजवळ.

साहेब बसले आणि त्यांची नजर गुडघ्यांमधे गेली. त्यांनी चिमटी सरकवली. मग पोरांना पाढे विचारताना, कविता ऐकताना, नकाशावर गोदावरी दाखवायला सांगताना त्यांची बोटं ती चेन उघडत-मिटत राहिली. मला बरं वाटलं. हेडमास्तर तर खुललेच होते.

तपासणी संपली आणि साहेब उठले. गादीही उठली.

शेरवानीचा पुढचा पदर चेनीत अडकला होता आणि ती हिरवी गादी साहेबांच्या पोटाखाली लोंबत होती. साहेबांनी ती हातानं खाली दाबली. ती पुन्हा वर आली. मागच्या रांगेतलं एक पोर फिस्कन हसलं आणि मग सगळा वर्ग. हेडमास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. ओढून निघते का बघायला ते पुढं झाले, तशी शेरवानी करकरली आणि साहेब पहिल्यांदा चिडले. “ये किसने सिया है?”

मी जमिनीत जायचा बाकी होतो. चेन माझी, आणलेली मी. पण मी घंटेजवळून हललो नाही. हेडमास्तर हात जोडून घाईघाईनं सांगू लागले की शाळेचा यात काही कसूर नाही हुजूर, गावात एक गयाबाई म्हणून आहे, तिनं…

“हुजूर.”

जमादार भिंत सोडून पुढं आले. टाचा जुळवून त्यांनी सलाम ठोकला. कान लालभडक.

“मी शिवलंय, हुजूर.”

इतकी वर्षं सगळ्या गावानं मिळून जे झाकलं होतं, ते त्यांनी स्वतःच उघडं केलं होतं.

“घरचे म्हनत व्हते, चेन मागून लाव. मी आयकलं न्हाई. सगळी अक्कल माझी.”

मला खरं माहीत होतं. मी घंटेची दोरी घट्ट धरून उभा राहिलो.

मग जमादार साहेबांसमोर गुडघ्यावर बसले. फेट्याच्या घडीतून त्यांनी सुई काढली आणि शेरवानीचं कापड एकेका दातातून सोडवू लागले. तेवढ्या वेळात भिंतीला लागून उभी असलेली सगळी मोठी माणसं बाहेर बघायला लागली होती. कुणी लिंबाकडं, कुणी आभाळाकडं. एकजण तर स्वतःच्या जोड्याचा तळवा निरखत होता. पोरांनाही काय कळलं कुणास ठाऊक, हसणं थांबलं होतं. साहेब तेवढे वाकून त्या जाड बोटांकडं बघत होते. त्यांचा राग कुठं गेला, मला कळलं नाही.

कापड सुटलं. फाटलं नव्हतं. साहेबांनी गादी हातात घेतली, उलटी केली, कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

“और ये मगजी? ये तो बहुत उम्दा है.”

जमादार उठून सरळ उभे राहिले.

“ती घरच्यांची, हुजूर.”

साहेब काही क्षण त्यांच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, “घर में मेरा सलाम कहिए,” आणि गादी स्वतःच्या हातानं खुर्चीवर ठेवून गेले. हेडमास्तर नंतर मला पुष्कळ बोलले. नोकरी तेवढी राहिली.

घरी परतताना जमादार माझ्यापुढं चालले होते. रस्त्यात भेटणारे राम राम घालत होते, नेहमीपेक्षा जरा हळू. त्यांचे कान अजून लाल होते. काहीतरी बोलावं असं मला वाटत होतं, पण माझ्या हेलाला सगळे हसतात, म्हणून मागून चालत राहिलो.

गयाबाई दारातच बसून होत्या. जमादार आत गेले आणि चुलीच्या वैलावर ठेवलेली तेलाची वाटी घेऊन आले. बायकोपुढं मांडी घालून बसले. तिचा एक हात स्वतःच्या मांडीवर घेतला आणि तेल लावून एकेक बोट हळूहळू सरळ करू लागले. मी असताना त्यांनी असं कधी केलं नव्हतं. मी उठून जाणार होतो, पण गयाबाईंनी मलाच विचारलं.

“काय म्हनले रं साहेब?”

“सलाम सांगितलाय तुम्हाला, काकू. मगजी उम्दा आहे म्हणाले.”

“ते ऱ्हाऊ दे. चेन बघितली का?”

जमादारांची मान खाली होती. मी म्हणालो, “बघितली ना. उठेपर्यंत त्यांचा हात तिच्यावरून निघाला नाही. सगळ्या पडवीचं लक्ष तिच्याकडंच होतं.”

“बगा,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “मी म्हनलं न्हवतं? आन् तुमी म्हनं खालून लावा.”

“आपल्याला काय कळतंय त्यातलं,” जमादार म्हणाले आणि दुसरा हात मांडीवर घेतला.

मग गयाबाई मला म्हणाल्या, “तुज्या मामाकडं आजून एखांदी गावंल का रं? हेडमास्तरास्नी एक करून देऊ. तिला बी पुढूनच लावू.”

जमादारांचा हात थांबला. त्यांनी वर माझ्याकडं बघितलं.

“मामाला कळवतो, काकू,” मी म्हणालो.